कॉइलला डावं-उजवं कळत नाही

भाचेबुवा, डावखुऱ्यांना गिटारचा वेगळा पिकअप लागतो, तो बाहेरून मागवावा लागेल, महाग पडेल, असं कुणीतरी तुला सांगितलं आणि तू ते मुकाट्याने ऐकून घेतलंस. पुढच्या वेळी त्याला विचार, बाबा रे, मी कोणत्या हाताने जेवतो ते वायरला कसं कळतं? पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची वायर. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वायरमध्ये इवलासा विद्युतदाब तयार होतो. डाव्या-उजव्याचा फरक पडतो तो फक्त तीन ठिकाणी: चुंबकांच्या कमी-जास्त उंचीत, कॉइल बसवलेल्या जागेत आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटमध्ये. या तिन्हींवर मी पुढे येतेच. पण आधी कॉइल नीट व्हायला हवी, कारण बिघडलेली कॉइल दोन्ही हातांना सारखीच छळते.

मी हे शिकले ते गाण्या-बजावण्यातून नाही. रिले बनवणाऱ्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होते आणि तिथे मशीनवर बसणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. बारीक वायर बोटांतून सोडायची, ती तुटू द्यायची नाही आणि मोजणी चुकू द्यायची नाही, एवढंच काम. गिटारचे पिकअप नंतर आले, ऑर्केस्ट्रातल्या पोरांमुळे. पुढे कळलं की कॅलिफोर्नियात फुलर्टनला, फेंडरच्या कारखान्यातही कॉइलवर बायकाच बसायच्या. अबिगेल यबारा तिथे १९५६ साली कामाला लागली आणि २०१३ साली निवृत्त झाली. तिच्या हातच्या कॉइलवर तिची आद्याक्षरं असतात, आणि ती दिसली की लोक जास्त पैसे मोजतात. आमच्या रिलेवर आद्याक्षरं घालायची पद्धत नव्हती. असो.

आता मूळ दुखणं बघ. एकेरी कॉइल जशी तारेची थरथर पकडते तसाच आसपासच्या विजेचा हमही पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. सूर वेगळा, कटकट तीच. गणपतीच्या मांडवात एका बाजूला जनरेटर, डोक्यावर डिमर लावलेले दिवे आणि मागे रोषणाईच्या माळा असतात. तिथे एकेरी कॉइलची गिटार घेऊन उभा राहिलास की दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना तुझा हमच ऐकू येतो.

यावर तोडगा एकच आणि तो जुना आहे: सारख्या वेढ्यांच्या दोन कॉइल घ्यायच्या आणि एक दुसरीच्या उलट जोडायची. हम दोघींत सारखाच शिरतो, उलट जोडल्यामुळे वजा होतो. पण मग तारेचा आवाजही वजा होईल, म्हणून एका कॉइलचे चुंबकही उलटे ठेवायचे. तारेच्या बाबतीत दोनदा उलट म्हणजे सुलट होतं, हमच्या बाबतीत एकदाच उलट होतं. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने याच तत्त्वावरच्या हंबकरच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला. त्याच्या रचनेत दोन्ही कॉइल सहाच्या सहा तारांखालून जातात. लिओ फेंडरने वेगळी वाट काढली. त्याच्या १९५१ च्या प्रिसिजन बासमध्ये चार तारांना मिळून एक कॉइल होती. १९५७ साली त्याने तिचे दोन तुकडे केले: ई आणि ए या जाड तारांना एक, डी आणि जी ला दुसरा, आणि दोन्ही तुकडे किंचित मागे-पुढे सरकवलेले. हीच स्प्लिट कॉइल. १९६५ च्या फेंडर इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह या बारा तारांच्या गिटारमध्ये तीच कल्पना पुन्हा आली, आणि पुढे लिओने जी अँड एल कंपनीत सहा तारांच्या गिटारसाठी झेड-आकाराच्या कॉइल केल्या.

हंबकर तारेला दोन ठिकाणी ऐकतो, त्यामुळे वरचे काही स्वर एकमेकांना खातात आणि आवाज जाडसर होतो. स्प्लिट कॉइलमध्ये प्रत्येक तारेवर एकाच कॉइलचा कान असतो, म्हणून आवाज एकेरी कॉइलसारखा स्पष्ट राहतो आणि हमही जातो. दुकानात मात्र जपून रहा. हंबकरला स्विच लावून त्यातली एक कॉइल बंद करायची सोय असते, तिलाही लोक स्प्लिटच म्हणतात. तो स्विच ओढलास की हम परत येतो. तुला हवंय ते हे नाही.

पहिला कानमंत्र, जो नव्या पोरांना पटवायला मला सगळ्यात वेळ लागतो: वेढे अर्धे करायचे नाहीत. एकेरी कॉइलला ८,००० वेढे असतात, तर दोन तुकड्यांना ४,००० आणि ४,००० असा हिशोब सगळे करतात. तारेला फक्त तिच्याच खालचा तुकडा ऐकतो. ४,००० वेढे दिलेस तर आवाज निम्मा येईल, दुसरा तुकडा तिला काही मदत करणार नाही. दोन्ही तुकड्यांना पूर्ण वेढे हवेत. कॉइल आखूड झाल्यामुळे प्रत्येक वेढ्याला वायर कमी लागते, म्हणून एकूण रोध काही दुप्पट होत नाही. प्रिसिजन बासच्या प्रत्येक अर्ध्याला साधारण १०,००० वेढे आणि ५ किलोओहम, दोन्ही मिळून १० ते ११. एका अर्ध्यात जवळजवळ एक किलोमीटर वायर जाते.

ही वायर घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा नंबर सांगून मागू नकोस. पुस्तकात, चित्रफितींत सगळीकडे ४२ नंबर लिहिलेला असतो, तो अमेरिकन गेज. त्याची जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंग वायर इंग्लिश गेजवर, एसडब्ल्यूजीवर, विकली जाते आणि त्यातली ४२ नंबरची वायर ०.१ मिलिमीटर असते. दिसायला फरक कळत नाही, पण तांबं अडीचपटीहून जास्त, आणि निम्मे वेढे होईतो बॉबिन भरून जाते. तुला एसडब्ल्यूजी ४६ च्या जवळची वायर हवी. दुकानदाराला सरळ मिलिमीटर सांग आणि रिळावरची चिठ्ठी वाच. इनॅमल कोणतं तेही विचार. काही इनॅमल डाग देताना उष्णतेने आपोआप उडतं, साधं इनॅमल मात्र बारीक पॉलिश पेपरने खरवडावं लागतं. न खरवडता दिलेला डाग दिसतो छान आणि आत जोडलेला नसतो.

वाइंडिंगला महागडं मशीन नको. शिलाई मशीनची मोटर आणि तिचं पायटं पुरतं. मोजणीसाठी साध्या कॅलक्युलेटरच्या बरोबरच्या बटणाला रीड स्विच जोडायचा आणि फिरत्या चकतीवर छोटं चुंबक चिकटवायचं. एक अधिक एक करून सोडलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. वायर बोटांतून मांजा ढील दिल्यासारखी सोडायची. फार सैल सोडलीस तर वेढे आत हलतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. फार ताणलीस तर तुटते, किंवा न तुटता लांबते, बारीक होते आणि रोध वाढवते.

म्हणूनच दोन अर्धे जुळवताना मीटरवर विश्वास ठेवू नकोस, काउंटरवर ठेव. हम किती शिरणार हे वेढ्यांच्या संख्येवर आणि कॉइलच्या आकारावर ठरतं, ओहमवर नाही. एकात १०,००० आणि दुसऱ्यातही १०,००० वेढे असतील आणि मीटरवर ४.९ आणि ५.१ दिसलं तर खुशाल पुढे जा. उलट दोन्हीकडे नेमकं ५ यावं म्हणून एकात तीनशे वेढे जास्त घातलेस तर हम तेवढा उरेल. मीटरचं आणखी एक: तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४० अंशांना ११ दाखवेल. त्यात बिघाड काही नाही, उन्हाळा आहे. दोन पिकअपची तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच खोलीत कर.

बॉबिनबद्दल थोडक्यात. फेंडरच्या पद्धतीत वरखाली फायबरच्या पट्ट्या आणि मध्ये चुंबकाच्या कांड्या असतात, वायर थेट कांड्यांभोवतीच येते. या कांड्या अल्निकोच्या असतात, आणि अल्निको धातू असल्याने वीज वाहतो. इनॅमल कुठे खरचटलं तर कॉइल तिथेच शॉर्ट होते, त्यामुळे आधी कांड्यांना लॅकर किंवा पातळ टेपचा एक थर दे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने हे टाळूच नये, दमट हवेत कांड्या गंजतात आणि गंज इनॅमल खातो. आणि गुंडाळून झालेल्या कॉइलमधून कांडी कधीही दाबून बाहेर काढायची नाही. आतला वेढा तिच्याबरोबर तुटतो आणि तो टोकाचा वेढा परत हाती लागत नाही.

आता दिशा तपासायची. यात लोक आकृत्या काढत बसतात, बाणांनी कागद भरतात आणि तरी चुकतात. मला आमच्या वाइंडिंगच्या बाईंनी रिलेसाठी जे शिकवलं तेच मी पिकअपला लावते. हत्यारं दोनच: होकायंत्र आणि मल्टिमीटर.

होकायंत्र आधी एका अर्ध्याच्या वर थोडं लांब धर. फार जवळ नेलंस तर सुईचंच चुंबकत्व उलटतं आणि मग ते होकायंत्र तुला जन्मभर फसवेल. एका अर्ध्याने सुईचं उत्तर टोक ओढलं तर दुसऱ्याने दक्षिण टोक ओढायला हवं. मग दोन्ही अर्धे एकामागे एक जोड, बाहेर येणारी दोन टोकं मीटरला लाव, मीटर २० किलोओहमवर ठेव. पोलादी स्क्रू-ड्रायव्हर एका अर्ध्याच्या कांड्यांवर टेकव आणि झटक्यात उचल. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारेल. दुसऱ्या अर्ध्यावरही तसंच कर. उडी त्याच दिशेला हवी.

होकायंत्र विरुद्ध आणि मीटर सारखं, म्हणजे पिकअप बरोबर. हम जाणार आणि तारा एका सुरात बोलणार. होकायंत्र विरुद्ध आणि मीटरही विरुद्ध, तर एका अर्ध्याच्या दोन वायर अदलाबदल कर, काम झालं. दोन्ही सारखे आले तर हम दुप्पट होईल; तिथे एकाच अर्ध्याचे चुंबकही उलटवायचे आणि वायरही. उरला चौथा प्रकार, होकायंत्र सारखं आणि मीटर विरुद्ध. हा सगळ्यात फसवा, कारण हम गेलेला असतो आणि एकेक तार वाजवली तर काहीच चूक कळत नाही. पण दुसरा पिकअप सोबत चालू केलास की अर्ध्या तारा भरदार आणि अर्ध्या पोकळ वाजतात. बासवाला मग स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. इथे एका अर्ध्याचे फक्त चुंबक उलटवायचे. कांड्या काढायच्या नाहीत हे सांगितलंच. दोन मोठी निओडिमियम चुंबकं व्हाइसच्या जबड्यांत एकमेकांना ओढतील अशी समोरासमोर बसव आणि कॉइल हव्या त्या दिशेने मधून ने, कांड्या नव्याने चुंबकित होतात. बोटं जप, ती चुंबकं चेष्टा करत नाहीत. कांड्या नुसत्या लोखंडाच्या आणि खाली सिरॅमिकची चुंबकपट्टी असली तर आणखी सोपं, ती पट्टीच पालथी करायची.

सहा तारांच्या गिटारला स्प्लिट करताना एक अडचण बासपेक्षा जास्त जाचते. तीन-तीनची वाटणी केली की शीव येते डी आणि जी तारांच्या मध्ये, आणि गिटारवाला सगळ्यात जास्त बेंड मारतो तो जी वर, डी च्या दिशेने. म्हणजे नेमका सूर चढायच्या वेळी तार दोन कॉइलच्या फटीवर जाते आणि आवाज बसतो. तू डाव्या हाताचा आहेस म्हणून यात सुटका नाही. तारा कशाही लाव, जी ला बेंड देताना ती डी कडेच सरकते. दोन्ही अर्धे एका रेषेत ठेवलेस तर फट टाळता येत नाही. लिओसारखे मागे-पुढे ठेवलेस तर प्रत्येक अर्धा थोडा लांबवून शिवेच्या पलीकडे नेता येतो, आणि तार एकाच्या ताब्यातून सुटायच्या आत दुसऱ्याच्या ताब्यात जाते. कांड्यांऐवजी सलग पोलादी पट्टी वापरली तर आणखी गुळगुळीत जातं. कांड्याच हव्या असतील तर बासची युक्ती घे, तारेच्या बरोबर खाली एक नको, दोन्ही बाजूंना एकेक.

आता तुझा हात. आधी हेच ठरव की डावखुरी गिटार तुला खरंच हवी का. मार्क नॉफ्लर डावखुरा, वाजवतो उजवी गिटार. गॅरी मूरही तसाच होता. आपला सचिन लिहितो डाव्या हाताने आणि खेळला उजव्याने. हातात काही नसताना गिटार वाजवायचं सोंग कर. जो हात आपोआप झंकारायला जाईल तो खरा. तुझा डावाच जातो हे मी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगते.

डावखुऱ्यांचे रस्ते तीन. पहिला अल्बर्ट किंगचा: उजवी गिटार उलटी धरायची आणि तारांना हातच लावायचा नाही. बारीक ई वर, जाड ई खाली. पिकअपच्या दृष्टीने इथे काहीच बदललं नाही. प्रत्येक तार आपल्याच कांडीवर, आपल्याच अर्ध्यावर आहे, म्हणून काही करायचंही नाही. दुसरा हेंड्रिक्सचा: उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरायची आणि तारा नव्याने लावायच्या, जाड ई परत वर. तिसरा रस्ता म्हणजे मुळात आरशातल्यासारखी बनवलेली डावखुरी गिटार. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा डावखुरा हॉफ्नर बास घेतला तसा. ज्याची ऐपत आणि धीर आहे त्याने तिसराच धरावा. आपल्याकडे दुकानात डावखुऱ्या गिटारी मोजक्याच टांगलेल्या असतात, त्यामुळे तुझ्यासारखी बरीच पोरं दुसऱ्या रस्त्याने जातात, आणि पिकअपचा सगळा घोळ याच रस्त्यावर होतो.

घोळ एक: कांड्यांची उंची. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये कांड्या समान नसतात. बी तारेखालची सगळ्यात बुटकी, डी आणि जी खालच्या उंच. त्या काळी जी तार गुंडाळीची असायची आणि तिला जोर कमी असायचा. गिटार उलटी करून तारा बदलल्यास की ए तार बी च्या बुटक्या कांडीवर येते आणि दबते, बी तार ए च्या कांडीवर येऊन ओरडते. लोक इथे नवा डावखुरा पिकअप मागवतात. अरे, दोन स्क्रू काढ, पिकअप जागच्या जागी अर्धा फेरा फिरव, स्क्रू लाव. कांड्यांचा क्रम उलटला, काम झालं. ध्रुव बदलत नाहीत, वायरची दिशा बदलत नाही, फक्त मागची वायर पुरते ना ते बघ. नव्याने करून घेत असशील तर समान उंचीच्या कांड्या सांग, म्हणजे हा प्रश्न कायमचा मिटला.

घोळ दोन: जागा. स्प्लिट कॉइलमध्ये खरी डावी-उजवी बाजू आहे ती इथे, आणि इथे पिकअप फिरवून भागत नाही. प्रिसिजन बासमध्ये ई-ए चा अर्धा मानेकडे असतो आणि डी-जी चा पुलाकडे. बास उलटा करून तारा बदलल्यास की ई-ए पुलाकडच्या अर्ध्यावर येतात. आता तो पिकअप अर्धा फेरा फिरवून बघ. झेड अर्धा फेरा फिरवला तरी झेडच राहतो. कागदावर काढून कागद फिरव, पटेल. त्याचा आरसा हवा असेल तर खाचच उलटी कोरावी लागते. प्रिसिजनसारखे दोन सुटे अर्धे असतील तर तेच अर्धे नव्या खाचांत बसतात, कॉइल नवी लागत नाही. एकाच कवचातला झेड असेल तर कवच आणि फायबरच्या पट्ट्या उलट्या कापायच्या. बटर पेपरवर नक्षा काढ आणि कागद पालथा कर, तोच तुझा डावखुरा नक्षा. उलटायचा तो फक्त नक्षा. वेढ्यांची दिशा कशीही असो, होकायंत्र आणि मीटरची परीक्षा पास झाली की पुरे.

पण लाकडाला पटाशी लावायच्या आधी तो उलटा बास दोन आठवडे वाजवून बघ. पुलाजवळ तारेची हालचाल लहान असते आणि वरचे स्वर जास्त, म्हणून पुलाकडे सरकलेल्या जाड तारा घट्ट, आखीव वाजतात आणि मानेकडे आलेल्या बारीक तारा गोल होतात. स्पेक्टरसारखे बास-निर्माते उजव्या वादकांसाठीही हीच उलटी मांडणी मुद्दाम ठेवतात. हेंड्रिक्सच्या स्ट्रॅटमध्ये पुलाजवळचा तिरका पिकअप असाच उलटा झाला होता, जाड तारांकडचं टोक पुलाला लागून, आणि कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. माझं मत विचारशील तर बाससाठी उलटी मांडणीच चांगली. गिटारसाठी पुलाजवळचा पिकअप मात्र सरळ करून घे, बारीक तारांची धार जाते ती खुपते.

हंबकर असेल तर हे दोन्ही घोळ नाहीत. पुलाकडची कॉइल पुलाकडेच राहते, मानेकडची मानेकडे. कवचावरचं नाव तेवढं उलटं दिसेल.

घोळ तीन: पॉट. आवाजाचा पॉट लॉग प्रकारचा असतो, त्यावर ए अक्षर असतं. डाव्या हाताला तो उलटा फिरावासा वाटतो, म्हणून लोक बाहेरचे दोन पाय अदलाबदल करतात. मग आवाजातला सगळा बदल एका टोकाला कोंबला जातो आणि बाकी फेरा फुकट जातो. उलट लॉगचा, सी अक्षराचा पॉट मिळाला तर तो लाव. नाहीच मिळाला तर बी म्हणजे लिनिअर चालवून घे, किंवा पाय तसेच ठेव आणि उजवीकडे फिरवायची सवय कर. कितीतरी डावखुऱ्या गिटारींत उजवेच पॉट बसवलेले येतात. स्प्लिट कॉइलला २५० किलोओहमचा पॉट बरा, ५०० चा लावलास तर आवाज काचेसारखा टोचतो.

बसवून झालं की शेवटच्या पडद्यावर तार दाबून कांडी आणि तार यांतलं अंतर मोज. दोन ते तीन मिलिमीटरपासून सुरुवात कर आणि पुढे कानाने ठरव. अर्धे सुटे असले की जाड आणि बारीक तारांचा तोल वेगवेगळा साधता येतो, हा स्प्लिटचा मोठा फायदा. अल्निको फार वर आणलास तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या पडद्यांवर सूर डगमगतो.

मेणात बुडवायचं ते सगळ्यात शेवटी, परीक्षा पास झाल्यावर. पॅराफिन जास्त, मधमाशीचं मेण थोडं, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६५ अंशांच्या आसपास. थेट आचेवर मेण पेट घेतं, आणि ७० च्या वर गेलास की प्लास्टिकची बॉबिन वाकते. बुडबुडे थांबले की काढ. आईचं पातेलं घेऊ नकोस, ते परत स्वयंपाकाला येत नाही.

एवढं करूनही थोडी खरखर उरली आणि तारांना हात लावल्यावर ती कमी झाली, तर दोष कॉइलचा नाही. वेढे चुंबकी हम मारतात, हवेतली विजेची खरखर मारत नाहीत. त्यासाठी खाचेत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडावी लागते. आणि तारांना हात लावल्यावर खरखर वाढली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर ताबडतोब गिटार खाली ठेव. जुन्या घरांत आणि मांडवांत अर्थिंग नसतं, ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कुणीतरी तोडलेली असते, आणि गिटारच्या तारा त्या अर्थलाच जोडलेल्या असतात. प्रत्येक नव्या ठिकाणी वाजवण्याआधी सॉकेटमध्ये अर्थ आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. नसेल तर त्या दिवशी वाजवू नकोस.